लीज, लायसन्स, फ्रीहोल्ड: घराच्या कागदांवरचे सारखे वाटणारे शब्द

'सिडकोच्या जमिनी फ्रीहोल्ड होणार', म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या या सरकारी कंपनीच्या लीजवरच्या जमिनी पूर्ण मालकीच्या होणार, अशी बातमी अधूनमधून येते आणि त्या दिवशी नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा मागे पडतात. एक जण विचारतो, म्हणजे आजवर घर आपलं नव्हतंच का? दुसरा सांगतो, साठ वर्षं भरली की सिडको बिल्डिंग ताब्यात घेणार. तिसऱ्याने आपला फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. तो छातीठोकपणे म्हणतो, लीज म्हणजे भाडंच हो, माझ्या भाडेकरूचंही अकरा महिन्यांचं लीज आहे.

तिघांनाही इंग्रजी उत्तम येतं. पण कागदावरचं इंग्रजी कायद्याचं असतं. बोलण्यात लीज, रेंट, लायसन्स सगळं एकाच अर्थाने चालतं. कायद्यात मात्र त्यातला प्रत्येक शब्द एकच गोष्ट सांगतो, की तुमच्या हातात नेमकं काय दिलं आहे. शब्द बदलला की हातात आलेली वस्तूच बदलते.

आधी गुंता मोकळा करू

मालकी, ताबा आणि वापरायची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाकडच्या घरात त्या बहुतेक वेळा एकाच माणसाकडे असतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. शहरात त्या सर्रास वेगवेगळ्या हातांत असतात. नेरूळमधला एखादा फ्लॅट घ्या. जमीन सिडकोची. ती लीजवर सोसायटीकडे. फ्लॅट सोसायटीच्या सभासदाचा. आणि आत राहतंय भलतंच कुटुंब, लीव्ह अँड लायसन्सवर. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकही आली, तारण घेऊन बसलेली. आणि यातला प्रत्येक जण आपापल्या परीने 'घर माझ्याकडे आहे' असं म्हणू शकतो.

लीज आणि लायसन्स

सगळ्यात जास्त गोंधळ याच जोडीचा आहे, आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच अडकतात.

लीज म्हणजे भाडेपट्टा. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये आहे. लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यात, भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये. लीजमध्ये ठरलेल्या मुदतीपुरता त्या जागेतच तुमचा हक्क निर्माण होतो. लायसन्समध्ये जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. एरवी जे करणं घुसखोरी ठरलं असतं, ते करायला मालकाने दिलेली ती मुभा असते.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनचं तिकीट काढलंत तर काय मिळतं? अमुक रांगेतली अमुक खुर्ची, नाटक संपेपर्यंत. पण त्या खुर्चीत तुमचा हक्क तयार होत नाही. पडदा पडल्यावर तिथेच बसून राहता येत नाही, ती गहाण टाकता येत नाही, आणि प्रयोग रद्द झाला तर फार तर पैसे परत मागता येतात, खुर्ची मागता येत नाही. तिकीट म्हणजे लायसन्स. वकीलमंडळीही लायसन्स समजावताना हाच दाखला देतात.

व्यवहारात फरक दिसतो तो असा. करारात मनाई नसेल तर लीज घेणारा आपला हक्क पुढे दुसऱ्याला देऊ शकतो, गहाण ठेवू शकतो. तो वारला तर उरलेली मुदत वारसांकडे जाते. मालकाने मधेच जागा विकली तर नव्या मालकाला चालू लीज पाळावं लागतं. लायसन्स सर्वसाधारणपणे त्या माणसापुरतं असतं. पुढे देता येत नाही, वारसांना मिळत नाही, आणि जागा विकली गेली तर नवा मालक त्याला बांधील नसतो. घोडबंदर रोडला फ्लॅट 'भाड्याने' घेऊन राहणाऱ्या कुटुंबाला हा शेवटचा मुद्दा बहुधा कुणी सांगितलेलाच नसतो.

मग आपल्याकडे सगळे लायसन्सच का करतात?

याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला बाहेर काढणं फार अवघड करून ठेवलं. मालकांनी तोड शोधली: माणूस तोच, खोली तीच, महिन्याचे पैसेही तेवढेच, फक्त कागदावर त्याला 'टेनंट' म्हणायचं नाही, 'लायसेन्सी' म्हणायचं. ही पळवाट इतकी रुळली की सरकारला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत राहणारे लोक त्या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू ठरले. काल ज्याला तात्पुरतं ठेवलं, तो आज कायमचा झाला. 'भाड्याने दिलं की घर गेलं' ही धास्ती त्या काळापासून मालकांच्या मनात बसली ती बसलीच. ती धास्ती बाळगणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आता लागू आहे तो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर घेतलेली जागा मुदत संपताच परत द्यावी लागते. नाही दिली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. जुन्या ठाण्यात, नौपाड्यात किंवा जांभळी नाक्याच्या आसपास, पागडीवर, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्याने, राहणारे जे भाडेकरू आहेत ते खऱ्या अर्थाने टेनंट. त्यांना याच कायद्याचं संरक्षण आहे. मानपाड्याच्या टॉवरमधल्या 'टेनंट'ला ते नाही. दोघांनाही आपण भाडेकरूच म्हणतो.

'वर लायसन्स असं लिहिलं की काम झालं ना?'

अगदी तसंही नाही. सर्वोच्च न्यायालयात १९५९ साली या प्रश्नावरचं गाजलेलं प्रकरण आलं होतं. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधल्या क्लोकरूमच्या खोल्यांत एक गृहस्थ केशकर्तनाचा व्यवसाय चालवत होते. करारावर स्वच्छ 'लायसन्स' लिहिलेलं. न्यायालयाने सांगितलं की मथळ्यावर जाऊ नका, दोन्ही बाजूंचा हेतू काय होता आणि प्रत्यक्षात काय दिलं गेलं ते पाहा. पाहिल्यावर ते लीज निघालं.

मग महाराष्ट्रातल्या घरमालकाने घाबरावं का? राहण्याच्या जागेपुरतं तरी फारसं नाही. कलम २४ च्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की लायसन्सचा लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. पण यातला 'लेखी' हा शब्द सोडून चालत नाही. तोंडी व्यवहार करून 'ओळखीतलीच माणसं आहेत' म्हणणाऱ्यांना या स्पष्टीकरणाचा काही उपयोग नाही.

अकरा महिने, नोटरी आणि रजिस्ट्रेशन

अकरा महिन्यांचा आकडा कुठून आला? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून देशभर अकरा महिन्यांचे करार करायची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र ही युक्ती लागू पडत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की लीव्ह अँड लायसन्स असो वा भाडेकरार, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून बोचरी तरतूद पुढे आहे: करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट दोन लाख दिलं होतं असं तो म्हणाला तर एक लाखच होतं हे सिद्ध करत मालकाने बसायचं.

इथे 'नोटराइज्ड' आणि 'रजिस्टर्ड' यांची गल्लत होते. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की या माणसांनी आपल्यासमोर सही केली. रजिस्ट्रेशन म्हणजे दस्त सरकारी दप्तरात चढणं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात शंभरएक रुपयांत जे काम होतं ते नोटरीचं. रजिस्ट्रेशनसाठी आता एजंट घरी येतो, लॅपटॉपवर फोटो काढतो, अंगठ्याच्या मशीनवर ठसे घेतो. आजींचा अंगठा पहिल्या फटक्यात उमटला तर नशीब. नाहीतर हात पुसा, पुन्हा दाबा, हे चहा होईपर्यंत चालतं. पण नुसते ठसे दिले म्हणून करार रजिस्टर्ड झाला असं समजू नका, नोंदणी कार्यालयाने दिलेला दस्त क्रमांक पाहा.

जाता जाता आणखी एक जोडी. नोटीस पीरियड म्हणजे जागा सोडण्याआधी किती दिवस कळवायचं. लॉक-इन म्हणजे सुरुवातीचे अमुक महिने सोडताच येणार नाही. 'एक महिन्याची नोटीस' एवढं वाचून सही करायची आणि चौथ्या महिन्यात नोकरी बदलली की सहा महिन्यांचं लॉक-इन आठवायचं, हे दर दुसऱ्या घरात घडतं.

सिडकोच्या एकाच प्लॉटवर दोन्ही शब्द

सिडको स्थापन झाली १९७० साली. नवी मुंबईत ती जमीन विकत नाही, साठ वर्षांच्या लीजवर देते. पण पहिल्या दिवशी लीजही मिळत नाही. आधी होतो तो 'अ‍ॅग्रीमेंट टू लीज', म्हणजे पुढे लीज देण्याचा करार. त्या काळात प्लॉटधारक फक्त लायसेन्सी असतो: आत या, ठरल्या मुदतीत बांधकाम करा. बांधकाम होऊन भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची परवानगी, मिळालं की मग लीज डीड. 'टू' या दोन अक्षरांच्या इंग्रजी शब्दात एवढं अंतर आहे. जुन्या काही सोसायट्यांच्या फायलीत पहिलाच कागद असतो, दुसरा करायचा राहून गेलेला असतो आणि कमिटीला वाटत असतं की आपलं लीज झालेलं आहे. रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की हे उघडं पडतं.

लीज घेताना एकदम भरलेली मोठी रक्कम म्हणजे लीज प्रीमियम आणि दरवर्षी भरायचं नाममात्र भाडं ते लीज रेंट. यातल्या प्रीमियमचा विम्याच्या हप्त्याशी संबंध नाही. सभासद फ्लॅट विकतो तेव्हा सोसायटी घेते त्या ट्रान्सफर प्रीमियमशीही नाही. त्याला महापालिका हद्दीत पंचवीस हजारांची कमाल मर्यादा आहे.

आता फ्रीहोल्ड. लीजमध्ये जमिनीच्या मालकीचा एक धागा देणाऱ्याच्या हातात राहतो. म्हणूनच फ्लॅट विकताना सिडकोची परवानगी, ट्रान्सफर चार्जेस आणि विकणारा, घेणारा व सिडको असा त्रिपक्षीय करार. फ्रीहोल्ड म्हणजे तो धागा सुटणं. बातम्यांत साठचे नव्याण्णव करण्याचीही भाषा असते. पण नव्याण्णव वर्षांचं लीज हेही लीजच, फक्त लांब. त्याला फ्रीहोल्ड समजू नये.

साठ वर्षं संपल्यावर काय? कायद्याच्या पुस्तकात उत्तर कोरडं आहे: मुदत संपली की जागा परत. पण लाखो लोक राहतात ते शहर कुणी रिकामं करणार नाही, हे कळायला वकील लागत नाही. माझ्या मते खरी अडचण त्याच्या बरीच आधी येते. लीज १९८२ चं असेल तर मुदत २०४२ ला संपते. आज वीस वर्षांचं कर्ज मागणाऱ्याची परतफेड त्याच्या पलीकडे जाते. मुदत जशी घटते तसा बँकेचा आणि बिल्डरचा उत्साहही घटतो. तेव्हा आपल्या लीज डीडमध्ये मुदतवाढीचं कलम काय म्हणतं ते कमिटीने एकदा वाचलेलं बरं.

'फ्रीहोल्ड झालं की रिडेव्हलपमेंटला कुणाची परवानगी नको' हा आणखी एक गैरसमज. सिडकोचा ना हरकत दाखला ती जमीनमालक म्हणून देते. इमारतीचा नकाशा मंजूर करणं हे नियोजन प्राधिकरणाचं काम, नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ते महापालिकेचं. पहिली पायरी गेली तरी दुसरी राहतेच.

ठाण्यात हाच प्रश्न वेगळ्या शब्दाने येतो: कन्व्हेयन्स. फ्लॅटचा तुमचा करार रजिस्टर्ड असतो, पण जमीन प्रॉपर्टी कार्डावर बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली असते. ती सोसायटीच्या नावावर करणं म्हणजे कन्व्हेयन्स. बिल्डरने टाळाटाळ केली तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मिळतो तो डीम्ड कन्व्हेयन्स. 'डीम्ड' म्हणजे 'झालं असं मानलेलं'. त्यामुळे लोकांना तो दुय्यम वाटतो. तो दुय्यम नाही, जमीन त्यानेही सोसायटीच्या नावावर होते.

दोन सीसी आणि एक ओसी

बुकिंग ऑफिसमधला मुलगा म्हणतो, 'सीसी आलीय, सर.' कोणती? कमेन्समेंट सर्टिफिकेट म्हणजे बांधकाम सुरू करायला परवानगी. कम्प्लीशन सर्टिफिकेट म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे काम पुरं झाल्याचा दाखला. दोघांचं लघुरूप एकच, आणि एकीपासून दुसरीपर्यंत कित्येक वर्षं लागू शकतात. राहायला जायचं ते दोन्हींवर नाही. त्यासाठी ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र लागतं. मुंबईत तर याहून गंमत आहे. तिथे बांधकामाला मिळणाऱ्या सशर्त मंजुरीचं जुनं नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नामंजुरीची सूचना. हा कागद मिळाला की बिल्डर पेढे वाटतो.

क्षेत्रफळाच्या शब्दांवर मी फार वेळ घालवत नाही. रेरा या बांधकाम प्रकल्पांसाठीच्या कायद्यातलं कार्पेट म्हणजे आतल्या भिंतींसह वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट त्यात नाहीत. 'सुपर बिल्टअप'ची या कायद्यात व्याख्याच नाही, त्यामुळे त्याचा आकडा विकणारा सांगेल तेवढा.

'आम्ही टॅक्स भरतो, म्हणजे बिल्डिंग अधिकृतच ना?'

दिवा, मुंब्रा, दिघा, घणसोली, जिथे विनापरवाना इमारती उभ्या राहिल्या तिथे हा प्रश्न हमखास येतो. हातात मालमत्ता कराची पावती असते, वीजबिल असतं. महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याच्या कलम २६७-अ मध्ये याचं थेट उत्तर आहे. बेकायदा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि कर किंवा शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढता येणार नाही. म्हणजे 'असेसमेंट' वेगळी आणि 'परमिशन' वेगळी. कर लावणारा विभाग इमारत आहे की नाही एवढंच पाहतो, ती असायला हवी होती का हे तो पाहत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ कोसळून ७४ बळी घेणारी इमारत अनधिकृत होती. तिचं बांधकाम सुरू असतानाच त्यात माणसं राहायला आलेली होती.

नॉमिनी आणि वारस

या जोडीने जितकी भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झाली तितकी बहुधा कशानेच झाली नसतील. सोसायटीच्या फॉर्मवर बाबांनी धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं. बाबा गेले. धाकटा म्हणतो फ्लॅट माझा, नागपूरची ताई म्हणते माझाही वाटा आहे. सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीनुसार नॉमिनीला सोसायटी 'प्रोव्हिजनल मेंबर' करून घेते, म्हणजे तात्पुरता सभासद. वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने जे हक्कदार ठरतील ते सभासद होईपर्यंत. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा एवढंच नॉमिनेशनने ठरतं. फ्लॅट कुणाचा हे मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने.

'पण एलआयसीचे पैसे तर नॉमिनीला मिळतात!' मिळतात, आणि विमा कायद्यात २०१५ साली आई-वडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांच्यासाठी खास तरतूदही आली. ती विम्याची. ती फ्लॅटला लावता येत नाही. शेअर्सनाही नाही, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या शेअर्सबाबत सांगितलं की नॉमिनेशनने वारसाहक्क डावलला जात नाही. मृत्युपत्राला रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं. तरी लोक नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत भरतात आणि मृत्युपत्राचा विषय निघाला की 'अशुभ बोलू नका' म्हणतात.

'हे सगळं मराठीत असतं तर गोंधळ झाला नसता'

मलाही तसं वाटायला आवडलं असतं. पण भोगवटा हा शब्द पाहा. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, इमारतीत राहण्याची परवानगी. आणि भोगवटादार वर्ग १, वर्ग २ हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले, जमीन धारण करण्याचे प्रकार. वर्ग १ ची जमीन सहसा मोकळेपणाने विकता येते. वर्ग २ च्या हस्तांतरणावर बंधनं असतात, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ओसी हातात आहे म्हणून 'आमचा भोगवटा क्लिअर आहे' असं सांगणारे सेक्रेटरी ठाण्यात भेटतात, आणि जमीन वर्ग २ ची निघाली की रिडेव्हलपमेंटची फाईल महापालिकेऐवजी आधी जिल्हाधिकारी कार्यालयाचा जिना चढते.